पैसे किती, ते नंतर. कधी, ते आधी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बीड जिल्ह्यात डोंगरपट्ट्यातलं तुमचं गाव, दसरा-दिवाळीला निम्मं गाव ऊसतोडीला जातं. पुण्या-मुंबईत नोकरीला लागलेली तुम्ही मंडळी वर्गणी काढता आहात आणि आठवीनंतर शाळा सोडणाऱ्या पोरापोरींच्या घरी महिन्याला पाचशे रुपये द्यायचे म्हणता, ७५ टक्के हजेरीच्या अटीवर. पाचशे पुरतील का, पैसे आईच्याच खात्यात टाकावेत का, अट कोण तपासणार, आणि बाप ते दारूत उडवणार नाही कशावरून, असं तुम्ही विचारलंय. स्थलांतरित मुलांच्या शाळेचं काम मी याच पट्ट्यात करते, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

दारूचं आधी उरकून टाकते, कारण प्रत्येक बैठकीत पहिला अर्धा तास त्यातच जातो. जागतिक बँकेतल्या डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोवा यांनी देशोदेशीच्या रोख मदतीच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. रोख मदत मिळाल्यामुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो, असं त्यांना आढळलं नाही. उलट कित्येक ठिकाणी तो थोडा कमीच झालेला होता. ज्याला प्यायची आहे तो तुमच्या पाचशेची वाट बघत बसलेला नसतो. दारूमुळे खरोखर धुळीला मिळालेलं घर गावाला माहीत असतं, तिथे पैसे कोणाच्या हातात द्यायचे ते आजूबाजूच्या बायका सांगतील. तेवढ्यावरून बाकीच्या घरांकडे संशयाने बघू नका.

आता मूळ मुद्दा. पाचशे की हजार, यावर तुमची चर्चा अडकली आहे. पण पोरगी नववीत बसणार की उसाच्या फडात जाणार, हे दर महिन्याला ठरत नाही. ते वर्षातून एकदा ठरतं, आणि तुमचा पहिला हप्ता निघायच्या आधी ठरतं. तोडीसाठी मजूर जमवणारा मुकादम आषाढ-श्रावणात दारात येतो. मागच्या वर्षीचं फिटलेलं नसतं, दवाखाना झालेला असतो, पेरणी अंगावर आलेली असते. एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, पन्नास हजारांपासून लाखाच्या वर उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते आणि ती फेडायला किती टन तोडावे लागतील याचा हिशोब त्याच वेळी घरात मांडला जातो. त्या हिशोबात कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, धाकट्याला कोण सांभाळणार, पाणी कोण आणणार, भाकरी कोण थापणार हेही धरलेलं असतं. चौदा वर्षांची मुलगी त्यात सहज बसते. नोव्हेंबरात तुमचे पाचशे रुपये खात्यात जमा होतील तेव्हा ती कोल्हापूरच्या नाहीतर कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याच्या अड्ड्यावर असेल.

तिच्या असण्याची किंमत किती, हे एकदा मांडून बघा. २०२४ च्या जानेवारीत ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाला साधारण ३६६ रुपये झाले. जोडी दिवसाला दोन टनांच्या आसपास तोडते. मुलगी सोबत नसेल तर बाईला तान्ह्यासाठी मधेच फडातून उठावं लागतं, मोळ्या बांधायला एक हात कमी पडतो. दिवसाला अर्धा टन कमी भरला तरी १८० रुपये गेले. हंगामात कामाचे शंभर-एकशेदहा दिवस धरले तर हा आकडा अठरा-वीस हजारांवर जातो. ही माझी ढोबळ आकडेमोड आहे, पण तुमच्या गावातली कोणतीही बाई तुम्हाला याच्या जवळपासचा आकडा सांगेल. तुमचे दहा महिन्यांचे होतात पाच हजार.

म्हणून लगेच वीस हजार द्यायचे असं मी म्हणत नाही. आईबापांनाही पोरीने शिकावं असं वाटत असतं. फडातल्या बाईइतकी ती तळमळ दुसऱ्या कोणाला नसेल. रक्कम नुकसानाची पूर्ण भरपाई करणारी नसली तरी चालते, पारडं झुकवण्याइतकी हवी. मेक्सिकोत १९९७ मध्ये ‘प्रोग्रेसा’ नावाची योजना सुरू झाली, सान्तियागो लेव्ही हे तिचे मुख्य शिल्पकार. पैसे आईच्या हातात, हजेरीची अट ८५ टक्के, वरच्या वर्गात जाल तशी रक्कम चढती, आणि माध्यमिकपासून मुलींना मुलांपेक्षा जास्त. नववीतल्या मुलीला मिळणारी रक्कम त्या वयाची मुलं पूर्णवेळ मजुरी करून कमावतील त्याच्या सुमारे दोन तृतीयांश होती. अभ्यासासाठी निवडलेल्या ५०६ गावांपैकी ३२० गावांत योजना आधी आणि १८६ गावांत नंतर नेली, त्यामुळे फरक चोख मोजता आला. पॉल शुल्ट्झ यांनी तो मोजला. सहावी, म्हणजे तिथलं प्राथमिक शिक्षण, संपवलेल्या मुलींमध्ये पुढच्या शाळेत जाणाऱ्यांचं प्रमाण जवळपास १५ टक्के अंकांनी वाढलं, मुलांचं साडेसहाने. खालच्या वर्गांत मात्र फारसा फरक नव्हता, कारण प्राथमिक शाळेत तिथली बहुतेक मुलं आधीपासून जातच होती. पैसा कामी आला तो वळणावर.

आपल्याकडे ते वळण आठवी संपताना येतं. आठवीपर्यंत शिक्षणाचा हक्क आहे, पोषण आहार आहे, पुस्तकं फुकट, गणवेश फुकट. निकाल लागला की एका दमात हे सगळं थांबतं. गावातली जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक सातवी-आठवीलाच संपते, हायस्कूल दुसऱ्या गावी. हंगामी वसतिगृहं, जिथे आईबाप तोडीला गेल्यावर मुलं गावातच राहून जेवतात-शिकतात, तीही आठवीपर्यंतच्या मुलांसाठी. म्हणजे घरचा खर्च वाढतो त्याच वर्षी सरकारचा हात निघतो, आणि त्याच वर्षी पोरीच्या अंगात फडातलं काम करण्याइतकं बळ आलेलं असतं. तुमचा निधी लहान असेल तर तो पहिलीपासून दहावीपर्यंत शिंपडू नका. नववी-दहावीवर ओता.

मी तुमच्या जागी असते तर एका मुलामागे वर्षाला बारा हजार धरले असते, आणि ते समान मासिक हप्त्यांत दिले नसते. चार हजार जूनमध्ये, नववीचा प्रवेश झाल्याची पावती दाखवली की त्याच आठवड्यात. चार हजार पोळ्याच्या आधी, मुकादम गावात फिरायला लागतो त्या सुमारास. उरलेले चार हजार नोव्हेंबर ते मार्च, महिन्याला आठशे, मूल गावात राहून शाळेत जातंय म्हणून. मोठे हप्ते ठरावाच्या वेळी द्यावेत हे केवळ माझ्या डोक्यातून आलेलं नाही. कोलंबियाची राजधानी बोगोटा इथे २००५ साली एक प्रयोग झाला. एका गटाला दर दोन महिन्यांनी सगळे पैसे दिले, दुसऱ्या गटाचा काही भाग राखून ठेवला आणि पुढच्या वर्षीच्या प्रवेशाच्या वेळी एकरकमी दिला. रोजच्या हजेरीत दोन्ही गट सारखेच, पण पुढच्या वर्षी शाळेत परत येण्यात दुसरा गट सरस ठरला. शहर होतं ते, आपला डोंगरपट्टा नव्हे, पण गरिबाघरचं गणित दोन्हीकडे सारखंच असतं.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट अस्वस्थ करणारी आहे. घरातल्या एकाच मुलाला मदत मिळाली, तर मदत न मिळालेल्या भावंडांची, त्यातही बहिणींची, शाळा उलट कमी झाली. घराने सगळा जोर पैसे आणणाऱ्या मुलावर लावला. म्हणून मुलगा हुशार म्हणून निवडला आणि बहीण सोडली, असं करू नका. घर निवडा, आणि त्या घरातली नववी-दहावीची सगळी मुलं घ्या. निवडीचा निकषही साधा ठेवा: घरातून कोयता जातो की नाही. हे गावात कोणाला लपवता येत नाही आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलला खेपा माराव्या लागत नाहीत. ‘गरजू आणि होतकरू’ हे शब्द अर्जात घातलेत की निवड समिती ज्याच्या ओळखीची, त्याचं मूल होतकरू ठरतं.

आता खातं. मेक्सिकोपासून आपल्या लाडक्या बहिणीपर्यंत सगळे सांगतात की पैसे आईच्या खात्यात टाका, आणि एरवी ते बरोबरच आहे. पण तुमच्या गावात आई पाच महिने नसते. पैसे आईच्या खात्यात, आई कारखान्यावर, पोरगी गावात आजीपाशी, आणि वही-पेन-तेल-साबण आजीने उधारीवर आणायचं, हे चित्र मी कितीतरी घरांत बघितलंय. जून आणि पोळ्याचा हप्ता आईला द्या, कारण ठराव ती करते. हंगामातले आठशे मात्र जी व्यक्ती मुलाला ताट वाढते तिला. बहुतेक घरांत ती आजी असते, आणि तिचं श्रावणबाळच्या पेन्शनसाठी उघडलेलं खातं चालू असतं. नवीन खातं उघडण्यापेक्षा ते बरं.

नवीन खात्यांचा तमाशा काय असतो तेही सांगते, कारण शहरात बसून हे लक्षात येत नाही. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत बापाच्या नावाचं स्पेलिंग तिसरं. आधारवर पैसे सोडले तर ते सगळ्यात शेवटी आधार जोडलेल्या खात्यात जातात. बाईने मधे कधीतरी बचत गटासाठी दुसऱ्या बँकेत खातं काढलेलं असतं, पैसे तिकडे पडतात आणि ती जुन्या पासबुकावर एन्ट्री मारून ‘आलेच नाहीत’ म्हणून परत येते. गावातल्या बँक मित्राकडे जाल तर अंगठा उठत नाही. ऊस तोडणाऱ्या बाईच्या बोटांवर रेषा उरलेल्या नसतात. ती बोट पदराला पुसते, पुन्हा ठेवते, मग दुसरं बोट, मग डाव्या हाताचं. मशीन लाल दिवा दाखवतं आणि मागची रांग कुरकुरायला लागते. शेवटी तो म्हणतो, ‘मावशी, तालुक्याला ब्रँचमध्ये जा.’ जाणं-येणं भाडं आणि एक दिवसाची मजुरी बुडाली की आठशेतले निम्मे तिथेच संपले. तुमचा निधी खासगी आहे, तुम्हाला आधारची सक्ती नाही. खाते क्रमांकावर थेट पाठवा, आणि पहिला हप्ता पाठवायच्या आधी एक रुपया पाठवून तो पोचला का ते फोनवर विचारा.

अटीबद्दल. आपल्याकडे हजेरीवर पैसे ही कल्पना नवी नाही. १९९२ पासून दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता आहे, वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये. तेव्हा रुपयाला थोडी तरी किंमत होती. नंतर वर्षानुवर्षं तो रुपया रुपयाच राहिला, आणि मास्तरांनी त्याच्या याद्या-पावत्या करण्यात घालवलेला वेळ मोजला तर भत्त्यापेक्षा तो महाग पडला असेल.

अट ठेवावी की नाही, यावर मलावीत झोम्बा जिल्ह्यात चांगला अभ्यास झाला. काही मुलींच्या घरी हजेरीच्या अटीवर पैसे दिले, काहींच्या घरी बिनशर्त. अट असलेल्या गटात शाळागळती जास्त घटली. पण कमी वयात लग्न आणि गरोदरपण बिनशर्त गटात जास्त घटलं, कारण शाळा सुटलेल्या मुलींच्या घरी पैसे येत राहिले, त्यामुळे तिला उजवून टाकायची घाई झाली नाही. कडक अट नेमकी ज्या मुलीला सगळ्यात जास्त गरज तिलाच आधी बाहेर काढते. ब्राझीलच्या ‘बोल्सा फमिलिया’ने यावर शहाणपणाचा मार्ग काढला. हजेरी घसरली की आधी इशारा, मग काही काळ रोखणं, आणि रद्द करणं अगदी शेवटी. मधल्या काळात घरी काय बिनसलंय ते बघायला माणूस जायचा. तुम्हीही तसंच करा. सलग पाच दिवस मूल दिसलं नाही की शाळेने तुमच्या गावातल्या माणसाला फोन करायचा आणि त्याने त्या दिवशी घरी जायचं. पहिल्या महिन्यात पैसे कापायचे नाहीत. ७५ टक्के वर्षभराची सरासरी काढत बसू नका. जून ते ऑक्टोबर सगळेच असतात. नोव्हेंबर ते मार्च कोण हजर आहे तेवढं बघा.

गुणांची अट मात्र घालू नका. बांगलादेशात १९९४ पासून ग्रामीण मुलींसाठी माध्यमिकची विद्यावेतन योजना देशभर झाली, ७५ टक्के हजेरी, ४५ टक्के गुण आणि लग्न न करण्याची अट. माध्यमिक शाळांत मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीला येऊन पुढे गेली, त्यात या योजनेचा वाटा मोठा. पण गुणांच्या अटीवर पहिली अडखळते ती कच्ची मुलगी, आणि आपल्याकडे दरवर्षी पाच महिने फडात काढलेली पोर कच्चीच असणार. तिच्यासाठी अट नको, शिकवणी हवी. प्रोग्रेसातही हजेरी वाढली, पण परीक्षेत मुलं पुढे गेली असं काही ठळक दिसलं नाही. नववीतल्या पोराला भागाकार येत नसेल तर तुमच्या बारा हजारांनी तो येणार नाही. गावातली एखादी डी.एड. झालेली सून संध्याकाळी दोन तास बसवायला मिळाली तर तिच्या मानधनाला निधीतून पैसे काढा. तो खर्च फुकट जात नाही.

मुलींच्या बाबतीत लग्नाचा विषय टाळून चालणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यात अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण २१.९ टक्के, तुमच्या जिल्ह्यात ४३.७. कारण उघड आहे. वयात आलेली पोर मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही भीती एका बाजूला. जोडी झाली की कोयता पूर्ण आणि कोयता पूर्ण की उचल, हा व्यवहार दुसऱ्या बाजूला. यावर अठराव्या वर्षी गाठोडं देण्याच्या योजना फार केल्या गेल्या. हरियाणाने १९९४ मध्ये ‘अपनी बेटी अपना धन’ काढली: जन्मल्यावर २,५०० रुपयांचा रोखा, अठराव्या वर्षी मुलगी अविवाहित असेल तर २५,०००. नंतरच्या पाहणीत दिसलं की अठराच्या आतली लग्नं त्यामुळे कमी झाली नाहीत, आणि पैसे हातात पडले की पुष्कळांनी ते लग्नातच घातले. आपली ‘लेक लाडकी’ १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे: जन्माला पाच हजार, पहिलीत सहा, सहावीत सात, अकरावीत आठ, आणि अठराव्या वर्षी ७५ हजार. सहावी आणि अकरावी यांच्यामधली जागा बघा. आठवी-नववी-दहावी, जिथे पोरी गळतात, तिथेच एक रुपया नाही.

‘आता बायकांना महिन्याला पंधराशे मिळतातच की, आणखी कशाला?’ असं गावात कोणीतरी म्हणेलच. ते पैसे घराचे असतात, किराण्यात जातात, आणि त्यात वाईट काही नाही. तुमच्या पैशावर ‘हे शाळेचे’ असा शिक्का हवा. मोरोक्कोत ‘तैसीर’ योजनेत बघितलं गेलं की हजेरीची अट न घालता नुसतं शिक्षणासाठी म्हणून, शाळेमार्फत नोंदणी करून पैसे दिले तरी अट घातल्याइतकाच उपयोग झाला. आई-बाप यांपैकी कोणाला दिले याने फारसा फरक पडला नाही. तेव्हा नोंदणी हायस्कूलमध्ये मुख्याध्यापकांसमोर करा, बापालाही बोलवा. चेक वाटपाचा कार्यक्रम, फ्लेक्स, फोटो मात्र करू नका. नववीतल्या मुलाला स्टेजवर उभं करून गरीब म्हणून दाखवलं की पुढच्या वर्षी तो येत नाही.

आणि काही गोष्टी रोख रकमेने सुटत नाहीत. हायस्कूल सहा किलोमीटरवर असेल आणि एसटी दुपारी चारला निघून जात असेल, तर पैशाचं काय करणार? ग्रामीण मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण पासाला गाडी लागते. आगाराला शाळेच्या वेळेचं पत्र द्या, ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार दिले. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार त्या वयाच्या मुलींचं माध्यमिक शाळेतलं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, आणि हायस्कूल तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत फरक सगळ्यात जास्त पडला. ज्या मुलीला मागे आजीच नाही, तिच्यासाठी आठशे रुपये निरर्थक आहेत. तिला राहायला जागा आणि रात्री सोबत लागते. अशा तीन-चार मुलींसाठी गावातल्या एखाद्या घराशी बोलून जेवण-राहण्याचे पैसे थेट त्या घराला द्या, किंवा तालुक्याला ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह झालं असेल तर तिथे जागा मिळते का बघा.

स्वतःचा पैसा घालण्याआधी सरकारी पैसा ओढून आणा. आठवीत एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवलेलं मूल निवडलं गेलं तर नववी ते बारावी वर्षाला बारा हजार मिळतात. गावात या परीक्षेचा फॉर्मच भरला जात नाही. ज्या घरात बाप गेलाय, तिथे बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात, आणि तोडीच्या पट्ट्यात अशी घरं कमी नाहीत. हे अर्ज भरायला एक माणूस महिनाभर बसवलात तर तुमच्या निधीवरचा बराच भार उतरेल.

शेवटचं, हिशोबाचं. पंचवीस मुलं धरली तर वर्षाला तीन लाख. नववीला हात दिला आणि दहावीला काढून घेतला तर त्या घराचा पुन्हा कोणावर विश्वास बसणार नाही, तेव्हा दोन वर्षांचे सहा लाख दिसत असतील तरच पंचवीस घ्या. निम्मेच जमले असतील तर सगळ्यांना अर्धे अर्धे वाटू नका. यंदा फक्त नववीतली बारा मुलं घ्या, पूर्ण रक्कम द्या, पुढच्या वर्षी त्याच बारा जणांना दहावीत द्या, आणि मधे कोणाच्याही आग्रहाने तेरावं नाव घालू नका.